पोळ्यातला मध: पेटी निवडण्यापासून डबा भरण्यापर्यंत

थंडी ओसरू लागली, जांभळाला कळी धरली की बऱ्याच मधपाळांच्या मनात एक विचार डोकावतो: यंदा मध यंत्राने न काढता पोळ्यासकट कापून विकला तर? मागणी आहे, भाव बरा मिळतो, यंत्राचा खर्च नाही. पाठोपाठ शंकाही येतात आणि त्या बहुतेकांच्या सारख्याच असतात. चौकटीला तार लावायची की नाही? सगळे पोळे कापून घेतले तर माशा पळून जातील का? अर्धवट भरलेल्या चौकटींचे काय करायचे? सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न तर ठरलेला: ‘डबे अगदी स्वच्छ भरले होते, तरी महिन्याभरात आत अळ्या झाल्याच कशा?’

या शंकांची उत्तरे इथे कामाच्या क्रमाने दिली आहेत. निदान एक-दोन हंगाम पेट्या सांभाळलेल्या, चौकटी उघडायचा हात बसलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. अगदी नव्यांनी पहिले वर्ष मध यंत्रानेच काढावा. पोळ्याचा मध हे दुसऱ्या इयत्तेचे काम आहे.

आधी ठरवा, विकायचे काय?

‘पोळ्याचा मध’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि तिन्हींची तयारी वेगळी असते.

- कापीव पोळे: भरलेली, सीलबंद चौकट कापून तिचे चौकोनी तुकडे डब्यात भरायचे. आपल्याकडच्या पेट्यांना आणि हवामानाला हाच प्रकार सर्वात सोयीचा.
- बाटलीतला तुकडा: रुंद तोंडाच्या बरणीत पोळ्याचा तुकडा ठेवून भोवती पातळ मध ओतायचा. दिसतो छान, पण हा मध लवकर रवाळतो. मग आतला तुकडा दिसेनासा होतो आणि गिऱ्हाईक बरणी परत आणते.
- खणातले पोळे: लाकडी किंवा प्लास्टिकच्या छोट्या खणांतच माशांकडून पोळे बांधून घ्यायचे. कापावे लागत नाही, गळत नाही. पण छोट्या बंद खणात काम करायला माशा नाखूश असतात. फुलोरा अफाट आणि वसाहत ओसंडून वाहणारी असेल तरच खण भरतात. सातेरीच्या पेटीत याच्या नादी लागू नका.

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सने पोळ्याच्या मधाची व्याख्या नेमकी केली आहे: नव्याने बांधलेल्या, पिलावा नसलेल्या पोळ्याच्या घरांत माशांनी साठवलेला आणि सीलबंद अवस्थेत विकलेला मध. नवे पोळे, पिलावा नाही, झाकण बंद, या तिन्ही अटी लक्षात ठेवा. पुढची सगळी खटपट त्यांच्यासाठीच आहे.

घाटातल्या रस्त्यांवर पातेल्यात ठेवून विकतात ते आग्या माशीचे पोळे या व्याख्येत बसत नाही. त्यात बहुधा अळ्या असतात, परागकणांचे थर असतात, न झाकलेला पातळ मध असतो. तो आंबतो.

हिशेब करा, मगच चौकटी करा

मेण माशांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरते. साधारण १२ ते १८ दिवसांच्या कामकरी माशा हे काम करतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर मध खावा लागतो. एक किलो मेणामागे सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा ढोबळ हिशेब मधपाळ धरतात. एक किलो मेणाच्या पोळ्यात वीस किलोंहून थोडा अधिक मध मावतो.

यंत्राने मध काढला की रिकामे पोळे माशांना परत देता येते, ते वर्षानुवर्षे चालते. कापीव पोळ्यात दरवेळी नवे मेण. म्हणजे वीस किलो पोळ्याचा मध हाती येताना सहा-आठ किलो मध माशांनी पोळे बांधण्यात घातलेला असतो. तुमचा बाटलीतला मध ५०० रुपये किलोने जातो असे धरा. मग पोळ्याचा मध ६५० ते ७०० रुपयांच्या खाली विकला तर डबा, तुटफूट आणि तुमची मेहनत पकडण्याआधीच तोटा. जोरदार फुलोऱ्यात माशा तसेही मेण गाळत असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी पडतो. तरीही भाव ठरवताना एवढी तफावत धरूनच चाला.

म्हणून माझा सल्ला असा: दहा पेट्या असतील तर पोळ्याच्या मधासाठी दोन, फार तर तीन घ्या. उरलेल्यांतून नेहमीसारखा मध काढा. सगळ्याच पेट्या या कामाला लावणारा मधपाळ बहुधा अर्धवट पोळ्यांचा ढीग घेऊन बसतो.

कोणती पेटी घ्यावी, कोणती वगळावी

पेटी निवडताना दया-माया नको. मध्यम वसाहतीला ‘संधी’ देण्याची ही वेळ नाही. पुढच्या अटी पुऱ्या करणारीच पेटी घ्या:

- पिलाव्याची कोठी काठोकाठ माशांनी भरलेली असावी. झाकण उघडल्यावर सगळ्या चौकटींच्या माथ्यावर माशा दिसाव्यात.
- राणी याच किंवा गेल्या हंगामातली असावी. म्हातारी राणी असलेली वसाहत लवकर फुटते.
- पाकाचा पुरवठा कोठी चढवण्याच्या पुरेसा आधी थांबलेला असावा. साखरेचा पाक माशा मधासारखाच पोळ्यात साठवतात आणि वर झाकणही लावतात. दिसायला पोळे सुंदर, आत साखर.
- कोळ्यांसाठी पट्ट्या किंवा दुसरे कुठलेही औषध चालू नसावे. मेण औषध शोषून ठेवते आणि इथे गिऱ्हाईक मेणही खाणार आहे. औषधोपचार काढणीनंतर. प्रतिजैविके तर कधीच नाहीत.

भाड्याने परागीभवनासाठी दिलेल्या पेट्याही वगळा. डाळिंबाच्या किंवा कांदा-बियाण्याच्या शेतात फवारण्या चालूच असतात. त्या पेट्यांचे काम परागीभवनाचे, तेवढेच त्यांच्याकडून घ्या.

सातेरी की मेलिफेरा? दोन्हींतून पोळ्याचा मध मिळतो. पश्चिम घाटात, कोकणात सातेरी सांभाळणाऱ्यांना एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. त्यातून दोन-तीन किलो पोळ्याचा मध निघाला तर खूश व्हा. सातेरीचा एक मोठा फायदा आहे: ती झाडांची राळ गोळा करत नाही, त्यामुळे चौकटी स्वच्छ राहतात, पोळ्याला चिकट तांबूस डाग पडत नाहीत. तोटा हा की ती भित्री आहे. वारंवार पेटी उघडली, मुंग्या लागल्या, मेणपतंग शिरला, उपासमार झाली की घर सोडून जाते. मेलिफेराची वसाहत मोठी, फुलोऱ्यामागे फिरवली तर २५-३० किलो आणि त्याहून जास्त मध देणारी. ती राळ मात्र भरपूर आणते, म्हणून कोठी भरली की लगेच उतरवावी लागते.

फुलोरा: गोड असून भागत नाही

पोळ्याच्या मधाला दोन गुणांचा फुलोरा लागतो. तो थोड्या दिवसांत भरपूर मकरंद देणारा हवा. रेंगाळत येणाऱ्या फुलोऱ्यात माशा पोळे अर्धवट बांधून थांबतात, झाकणे लावायला दिवस घेतात आणि तेवढ्यात त्यांच्या पायांनी पांढरे पोळे पिवळट होते. दुसरे म्हणजे त्याचा मध लवकर गोठणारा नको.

मोहरीचा मध काही दिवसांत पोळ्यातच गोठतो, सूर्यफुलाचाही लवकर रवाळतो. बाटलीतला गोठलेला मध कोमट पाण्यात ठेवून पातळ करता येतो, पोळ्यातला येत नाही. ऊब दिली तर मेण आधी मऊ पडते. मराठवाडा-विदर्भात सूर्यफुलावर पेट्या नेणाऱ्यांनी तिथला मध यंत्रानेच काढावा आणि पोळ्यासाठी दुसरा फुलोरा शोधावा.

तुमच्या भागातला मध गोठतो की नाही, हे पुस्तकात शोधण्यापेक्षा घरी तपासा. मागच्या हंगामातली, त्याच जागेच्या, त्याच महिन्याच्या मधाची एक बाटली थंड जागी ठेवा. सुमारे १४ अंश तापमानाला मध सर्वात लवकर रवाळतो. महाबळेश्वरच्या थंडीत हा प्रयोग आपोआपच होतो. तिथे दोन-तीन महिने पातळ राहिलेला मध पोळ्यासाठी बिनधास्त घ्या.

घाटमाथ्यावरचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते मे. जांभूळ, हिरडा, गेळा आणि रानातली इतर झाडे तेव्हा फुलतात. कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलते. ते वर्ष तुमच्या डोंगरावर कधी येणार, हे गावातल्या जुन्या माणसांना पक्के माहीत असते. त्यांना विचारून ठेवा. पण कारवीचा बहर पावसाळ्याच्या सरतीला येतो, तेव्हा हवेत ओल असते आणि झाकण लागायला वेळ लागतो. त्या वेळी घाई करून न झाकलेली पोळी कापाल तर ती आंबतील.

चौकट: सगळे यश इथेच ठरते

तार लावू नका. हे पहिल्या शंकेचे सरळ उत्तर. तार असलेले पोळे कापता येत नाही आणि खाणाऱ्याच्या दातात तार गेली तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. प्लास्टिकचा पत्राही नको.

मग पोळे सरळ कसे येणार? दोन वाटा आहेत.

- पातळ मेणपत्रा: पूर्ण चौकटीत शुद्ध मेणाचा, नेहमीपेक्षा पातळ पत्रा बसवायचा. पोळे सरळ येते, लवकर भरते. पण पत्रा जाड असेल तर खाताना मधोमध चिवट थर लागतो. बाजारातल्या काही पत्र्यांत पॅराफिनची भेसळ असते. विकत घेताना फक्त खात्रीच्या माणसाकडून घ्या किंवा स्वतःच्या झाकणांचे मेण देऊन करून घ्या. पिलाव्याच्या जुन्या काळ्या पोळ्यांचे मेण यासाठी वापरू नका.
- मेणाची पट्टी: चौकटीच्या माथ्याच्या खाचेत दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी वितळलेल्या मेणाने चिकटवायची. खालचे सगळे माशांवर सोपवायचे. पोळे संपूर्ण माशांचे, जिभेवर विरघळणारे. मला हीच वाट जास्त पसंत आहे. वसाहत जोमदार असेल तर ती बांधायला कुचराई करत नाही.

पट्टीची वाट धरली तर पेटी अगदी समतल हवी. माशा पोळे ओळंब्याने बांधतात. पेटी डावी-उजवीकडे कललेली असेल तर पोळे चौकटीबाहेर जाते आणि शेजारच्या चौकटीला चिकटते. गवंड्याची पाणसळ पेटीवर आडवी ठेवून तपासा. पुढच्या बाजूला किंचित उतार चालतो, पाणी साचत नाही.

सगळ्या कोऱ्या चौकटी दिल्या तर माशा वर चढायला उशीर करतात. मधल्या जागी एखादी आधी बांधलेली, पांढरी, कधीही पिलावा न घेतलेली चौकट ठेवा. ती आमिषाचे काम करते. नंतर तिचा मध यंत्राने काढा, ती विकू नका.

कोठी कधी चढवायची?

तारीख बघू नका, पेटी बघा. पिलाव्याच्या चौकटींच्या वरच्या कडेला पांढरेशुभ्र मेणाचे ठिपके, तुरे दिसू लागले की मकरंद येऊ लागला आणि माशा बांधायच्या तयारीत आहेत, हे समजा. त्याच दिवशी कोठी चढवा. आठवडाभर आधी चढवली तर जागा मोकळी पडते, माशा मेणपट्टी कुरतडतात. आठवडा उशीर केला तर राणीची घरे दिसू लागतात.

पिलाव्याची कोठी आणि मधाची कोठी यांच्यामध्ये राणीरोधक जाळी घाला. ‘जाळीमुळे माशा वर जात नाहीत’ ही तक्रार खरी आहे, पण पोळ्याच्या मधात एक अळी जरी निघाली तरी सगळा डबा वाया जातो. जाळी नको असेल तर राणी वर न जाण्याची खात्री रोज करावी लागेल आणि रोज पेटी उघडणे त्याहून वाईट.

दुसरी कोठी पहिली निम्म्याहून थोडी जास्त भरल्यावरच द्या. यंत्राने मध काढताना आपण जागा सढळ हाताने देतो. इथे उलट, जागा जरा आवळून द्यायची. माशांची दाटी झाली की पोळी काठोकाठ भरतात, कोपरे रिकामे राहत नाहीत.

दाटीची किंमत: घर फुटणे

दाटी केली की वसाहतीला फुटायची ओढ लागते. चुकीच्या आठवड्यात थवा निघाला तर निम्म्या माशा राणीसह जातात आणि मागे राहते अर्धवट बांधलेली कोठी. पोळ्याच्या मधात सर्वात जास्त नुकसान इथे होते. त्यामुळे हंगामात दर सात दिवसांनी पिलाव्याची कोठी तपासायची, यात सूट नाही. राणीची अंडी घातल्यापासून साधारण आठव्या-नवव्या दिवशी तिचे घर बंद होते आणि थवा बहुधा त्याच सुमारास निघतो. दहा-बारा दिवसांनी उघडाल तर उशीर झालेला असतो.

तपासताना हे पाहा:

- पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणारी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी राणीघरे आहेत का? पोळ्यावरच्या माशा ब्रशने हलकेच बाजूला करून बघा, एखादे घर घोळक्याखाली दडून राहते.
- नुसती रिकामी पेल्यासारखी घरे दिसली तर घाबरू नका. आत अंडे किंवा अळी दिसली तर मोडा. एकही राहता कामा नये.
- दोनदा मोडूनही पुन्हा बांधत असतील तर हट्ट सोडा. वसाहत विभागा, नवी पेटी करा. या पेटीतून यंदा पोळ्याचा मध नाही, असे मान्य करा.

सावली, वाऱ्याला मोकळे दार आणि जवळ पाणी या तीन गोष्टींनी फुटण्याची ओढ बरीच कमी होते. उन्हाळ्यात पेटीवर गवताचे छप्पर असू द्या. पारा चाळिशीपार गेला की मधाने जड झालेले, तारेचा आधार नसलेले नवे पोळे कोसळते.

काढणी: दोन दिवसही उशीर नको

चौकटीच्या दोन्ही बाजू पूर्ण झाकल्या गेल्या, अगदी कडेच्या एखाद-दोन ओळी सोडून, की चौकट काढा. पूर्ण कोठी तयार व्हायची वाट पाहू नका. तयार झालेली चौकट काढून तिच्या जागी नवी द्या. माशांची ये-जा झाली की पांढरी झाकणे पिवळी पडतात. चव तीच राहते, भाव मात्र राहत नाही.

- धूर अगदी हलका. धुराने घाबरलेल्या माशा मध प्यायला झाकणे फोडतात आणि मेणाला धुराचा वास लागतो.
- शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी कोठीखाली एकतर्फी वाटेची फळी घाला. माशा खाली जातात, वर येऊ शकत नाहीत. सकाळी कोठी जवळजवळ रिकामी मिळते.
- माशा पळवायला कार्बोलिक ॲसिड किंवा दुसरे कुठलेही वासाचे रसायन वापरू नका.
- पिलाव्याच्या कोठीतला मध कापू नका. पावसाळ्याची शिदोरी तीच आहे.

‘सगळे पोळे कापले तर माशा पळतील का?’ या प्रश्नाचे उत्तर वरच्या शेवटच्या ओळीत आहे. पिलावा, राणी आणि खालचा साठा शाबूत असेल तर वरची कोठी गेल्याने वसाहत जात नाही. घाटात जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस असतो. त्याआधी खालचा साठाही लुटला तर मात्र सातेरी नक्कीच जाईल.

हंगाम संपत आला की अर्धवट चौकटी निवडून बाजूला काढा. झाकणे नसलेला मध यंत्राने काढा किंवा ती चौकट माशांनाच परत द्या. ‘थोडे उघडे आहे, चालेल’ असे म्हणून डब्यात भरू नका. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात ओलावा २० टक्क्यांहून जास्त नसावा. उघड्या घरांतला मध बहुधा त्याच्या वर जातो.

कापणे आणि भरणे

खोली कोरडी आणि बंद हवी, नाहीतर तासाभरात सगळी पंचक्रोशी मधमाश्यांसकट दारात येईल. धारदार पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि एकाच ओढीत कापा. करवतीसारखी मागेपुढे केली तर घरे चिरडतात. तुकडे स्टीलच्या जाळीवर रात्रभर निथळत ठेवा, म्हणजे कडांवरचा मध गळून जाईल आणि डब्यात तळ साचणार नाही. निथळलेला मध वाया जात नाही, गाळून बाटलीत भरा.

मेलिफेराच्या चौकटीतला दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो. सातेरीचे पोळे पातळ, त्याचा तुकडा हलका. म्हणून किंमत तुकड्यावर न ठेवता वजनावर ठेवा.

पोळे हलते तेव्हा फुटते. एसटीच्या मागच्या डिकीत डबे टाकून पुण्या-मुंबईला पाठवणार असाल तर डबे उभे न ठेवता सपाट ठेवा, मध्ये कागदाचे तुकडे दाबून भरा आणि भर दुपारी पाठवू नका.

अळ्या कशा होतात?

स्वच्छ डब्यातही अळ्या होतात, कारण मेणपतंगाची अंडी पोळ्यासोबतच आलेली असतात. ती इतकी बारीक असतात की दिसत नाहीत. उपाय एकच आणि खात्रीचा आहे, थंडी.

- तुकडा किंवा चौकट हवाबंद पिशवीत घाला. आधी पिशवी, मग डीप फ्रीझर. उघडे ठेवले तर ओल आणि वास दोन्ही शोषेल.
- उणे १८ अंशाला दोन दिवस ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड नसतो, वेगळा डीप फ्रीझर हवा. गावातल्या आइस्क्रीमवाल्याशी बोलून ठेवा.
- बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या. घाईने उघडली तर पोळ्यावर दव जमते आणि झाकणे डागाळतात.

डांबराच्या गोळ्या पोळ्यांजवळ कधीही ठेवू नका, रिकाम्या पोळ्यांजवळसुद्धा नाही. मेण तो वास आणि विष दोन्ही धरून ठेवते. सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका.

परवाने, हक्क आणि लेखी करार

घरगुती प्रमाणात विकत असलात तरी अन्न व्यवसाय म्हणून ‘एफएसएसएआय’ची नोंदणी लागते. लहान उत्पादकांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. तुमची उलाढाल कोणत्या गटात बसते, ते ‘फॉस्कॉस’ पोर्टलवर अर्ज करताना पाहा. बंद डब्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत, भरल्याचा महिना-वर्ष, तुमचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापावा लागतो. शिवाय तुमच्याच सोयीसाठी पेटीचा किंवा बॅचचा क्रमांक लिहा. एका डब्यात काही निघाले तर बाकीचे कोणते परत मागवायचे, हे कळते.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मधकेंद्र योजनेत साहित्यासाठी निम्मे अनुदान, प्रशिक्षण आणि मधाची खरेदी अशी सोय आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर मधपाळ म्हणून नोंदही करून ठेवा, पेट्या जिल्ह्याबाहेर नेताना ओळख दाखवायला उपयोगी पडते. अनुदान मिळाले तरी पोळ्याच्या मधाचा ग्राहक तुम्हालाच शोधायचा आहे. चौकटी भरायच्या आधी तो ठरलेला असावा. २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरसारख्या ठिकाणी, पर्यटकाला समोर पोळे दाखवून विकणे सर्वात सोपे जाते.

दुसऱ्याच्या शेतात पेट्या ठेवणार असाल तर साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: किती पेट्या, किती दिवस, मोबदला पैशात की मधात, आणि फवारणी करायच्या आदल्या दिवशी कळवायचे. तोंडी बोलणे फवारणीच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

जंगलातले पोळे हा वेगळा विषय. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात मोडतात आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासींना आहे. हा हक्क बाहेरच्या हौशी माणसाचा नाही. त्यांच्याकडून विकत घ्या, हवे तर पेटीतल्या माशा सांभाळायला त्यांना शिकवा.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

‘पोळे आहे म्हणजे शुद्धच’ असे सांगू नका. पाक पाजलेल्या माशांचे पोळेही असेच दिसते. तुम्ही पाक कधी थांबवला, पेट्या कुठे होत्या, ते सांगा. मेण चावून थुंकले तरी चालते, गिळले तरी ते न पचता निघून जाते. पोळे थंड, कोरड्या जागी ठेवायचे, रोजच्या फ्रीजमध्ये नाही, तिथे ते लवकर रवाळते. रवाळलेले पोळे खराब नसते, पोळीवर पसरून खा म्हणावे.

आणि एक गोष्ट डब्यावर ठळक छापा, विकताना तोंडानेही सांगा. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची, गुटीत मध घालण्याची पद्धत अजून आहे. मधात असू शकणाऱ्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला जिवावर बेतणारे आजारपण येऊ शकते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नका, बोटभरसुद्धा नाही.